तो चॅम्पियन नसता तर?

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. "टेबल टेनिसने वाचवला जीव!" वर जोडलेले हात, एक बायसेप आणि एक तिरंगा (तिरंगा कशासाठी ते देव जाणे). गोष्ट अशी की पोलंडचा एक ज्यू टेबल टेनिसपटू, नाझींनी त्याला ऑश्विट्झला नेलं, गॅस चेंबरमध्येच जायचा पण कोणीतरी ओळखलं की अरे हा तर चॅम्पियन, आणि त्याला बाजूला काढला. शेवटी तात्पर्य, "मुलांनो, एखादा खेळ मनापासून खेळा, कधी कामाला येईल सांगता येत नाही." खाली सतरा अंगठे. मी पण अंगठा द्यायला बोट पुढे केलं आणि तिथेच थांबलो, कारण ते तात्पर्य जरा उलटं करून वाचा ना. ज्यांना खेळ येत नव्हता त्यांचं काय? त्यांनी लहानपणी मन लावून प्रॅक्टिस केली नाही म्हणून ते गेले का?

माणूस खरा आहे हां, फॉरवर्ड असला तरी. आलोइझी एर्लिख, बाहेर सगळे अ‍ॅलेक्स म्हणायचे. जन्म १९१४ चा. खेळायचा ल्वूव शहरातल्या हास्मोनेआ या ज्यू क्लबकडून, ते शहर तेव्हा पोलंडमध्ये होतं, आता युक्रेनमध्ये आहे, ल्व्हिव्ह म्हणतात. आणि एक गंमत, म्हणजे गंमत कसली म्हणायची, पण तो वर्ल्ड चॅम्पियन कधी झालाच नाही. १९३६ ला प्रागमध्ये फायनल हरला, १९३७ ला बाडेनमध्ये हरला, १९३९ ला कैरोमध्ये परत हरला. तीन वेळा सिल्व्हर. त्यातल्या शेवटच्या दोन फायनल रिचर्ड बर्गमनविरुद्ध, तो पण ज्यू, व्हिएन्नाचा. १९३८ ला हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर बर्गमन इंग्लंडला पळाला, म्हणून कैरोला तो इंग्लंडकडून खेळत होता. तर ऑश्विट्झमध्ये ज्याने कोणी एर्लिखला "चॅम्पियन" म्हणून ओळखलं त्याने रेकॉर्ड बुक उघडून बघितलं नव्हतं एवढंच. सिल्व्हरवाल्याला सोडायचं की नाही, याचा तिथे काय नियम होता कोणास ठाऊक.

मला एर्लिख आधीपासून माहीत होता तो त्या रॅलीमुळे (रॅली म्हणजे एका पॉइंटसाठी बॉल न चुकता इकडून तिकडे जात राहणं). टेबल टेनिस थोडंफार खेळणाऱ्या कोणालाही विचारा, ही गोष्ट कधीतरी कानावर आलेली असते. १९३६ चं प्राग, टीमची मॅच, पोलंड विरुद्ध रोमानिया. समोर फार्कश पानेथ. दोघंही पक्के डिफेंडर, दोघांनीही ठरवलेलं की आपण मारायचं नाही, समोरच्याला चुकू द्यायचं. पहिल्याच पॉइंटला सर्व्हिस झाली आणि बॉल सुरू राहिला तो दोन तासांहून जास्त. स्कोअर लव्ह ऑल, म्हणजे शून्य-शून्य. बॉल बारा हजारांच्या वर वेळा नेटवरून गेला असं म्हणतात. अंपायरची मान आखडली, त्याला बदलावं लागलं. एर्लिख नंतर सांगायचा की त्याने मधे हात बदलून डाव्या हाताने खेळून घेतलं, शेजारी बुद्धिबळाचा पट मांडायला लावला आणि पुश करता करता चाली सांगत होता. यात मीठमसाला किती ते सोडून द्या, माणूस बोलण्यात पटाईत होता. शेवटी पानेथचा बॉल चुकला आणि एक-शून्य झालं. त्यानंतर संघटनेने नेटची उंची पावणेसात इंचावरून सहा इंचावर आणली, टाइम लिमिट आलं. आज गेम दहा मिनिटांपुढे रेंगाळला की जो एक्स्पिडाइटचा नियम लागतो, म्हणजे सर्व्हिस घेणाऱ्याने तेरा बॉल परत टाकले की पॉइंट त्याला, त्याचं मूळ शोधत गेलात तर याच दोघांपाशी पोचाल.

मी आणि आमच्या विंगमधला एक मित्र, आम्ही एकदा हे करून बघितलं. नुसतं पुश करायचं, मारायचं नाही, मोजत राहायचं. तुम्हाला वाटेल सोपं आहे. साठ-सत्तरनंतर पोटऱ्या बोलायला लागतात, शंभरच्या पुढे तोच तो टक-टक आवाज ऐकून डोकं सुन्न होतं, मोजणारा एक आकडा गाळतो आणि त्यावरून भांडण. १८७ ला मित्राचा बॉल टेबलाच्या कडेला लागून गेला आणि आम्ही दोघं खुर्चीत. पाच मिनिटं पण झाली नव्हती.

आता त्या टेबलाच्या दोन बाजूंच्या माणसांचं पुढे काय झालं ते बघा. एर्लिख ऑश्विट्झला गेला आणि तिथून पुढे डाखाउला. पानेथ ट्रान्सिल्व्हेनियातल्या क्लुजचा, तो पण ज्यू. १९४० मध्ये ते शहर हंगेरीच्या ताब्यात गेलं, आणि १९४४ च्या मे-जूनमध्ये तिथल्या एका वीटभट्टीच्या आवारात ज्यू लोकांना कोंडून मग दोन-तीन आठवड्यांत साधारण अठरा हजार माणसं गाड्या भरून ऑश्विट्झला पाठवली. पानेथ युद्धातून वाचला, क्लुजला परत आला, कोच झाला, त्याच्या क्लुजच्या टीमने १९६० च्या दशकात युरोपातले क्लबचे कप जिंकले. म्हणजे त्या रॅलीतले दोघंही राहिले. आणि फॉरवर्ड करणाऱ्याला वाटतं बघा, खेळाने वाचवलं.

खेळाने कोणालाही वाचवलेलं नाही, माझं म्हणणं हे आहे. वाचवलं असेल तर एका माणसाच्या लहरीने, जो त्याच दिवशी बाकीच्या शेकडो लोकांना दुसऱ्या रांगेत पाठवत होता. खेळ जर ढाल असती तर नेदरलँड्सच्या त्या बायकांना लागू पडायला हवी होती ना. १९२८, ॲमस्टरडॅम ऑलिम्पिक, बायकांचं जिम्नॅस्टिक्स ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच आलेलं, आणि यजमान टीमने गोल्ड घेतलं. त्या टीममध्ये पाच ज्यू मुली होत्या. १९४३ मध्ये त्यातल्या चौघी सोबिबोर आणि ऑश्विट्झला मारल्या गेल्या, लहान लहान मुलांसकट. त्यांचा कोच पण. एक वाचली. ऑलिम्पिक गोल्ड म्हणजे एर्लिखच्या तीन सिल्व्हरपेक्षा जास्तच की. किंवा ट्युनिसचा बॉक्सर व्हिक्टर पेरेझ, १९३१ चा फ्लायवेट वर्ल्ड चॅम्पियन, खराखुरा चॅम्पियन. त्याला ऑश्विट्झमध्ये ओळखलं होतंच. ओळखून काय केलं, तर एसएसवाल्यांच्या, म्हणजे कॅम्प चालवणाऱ्या नाझींच्या, करमणुकीसाठी रिंगमध्ये उतरवलं. जानेवारी १९४५ मध्ये कॅम्प रिकामा करून कैद्यांना बर्फातून चालवत नेलं तेव्हा त्याला वाटेत गोळी घातली. करमणुकीची गरज संपली होती.

तर "कामाला आला म्हणून जगला" या वाक्यात "म्हणून" या शब्दाला माझी हरकत आहे. ते मारणाऱ्याचं व्याकरण आहे. कोण उपयोगाचा, कोण नाही, डावीकडे, उजवीकडे. आणि ऐंशी वर्षांनी आपण आपल्या मुलांना तेच व्याकरण प्रेरणादायी म्हणून शिकवतो. आणि त्यात मारणारे हळूच गायब होतात, हे लक्षात आलंय का तुमच्या? गोष्ट अशी सांगितली जाते की जणू काही वादळ आलं होतं, पूर आला होता, आणि एक जिद्दी माणूस पोहून पार झाला. पूर नव्हता हो तो. रेल्वेचं टाइमटेबल होतं, ऑफिसं होती, शिक्के होते.

आणि हे व्याकरण फक्त नाझींचं होतं असंही नाही, इथे खरी पंचाईत आहे. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समध्ये एव्हियां नावाच्या गावी बत्तीस देशांचे लोक जमले, जर्मनी-ऑस्ट्रियातल्या ज्यू निर्वासितांचं काय करायचं ते ठरवायला. एकेक जण उठला, सहानुभूती व्यक्त केली आणि का जमणार नाही ते सांगितलं. कित्येकांचं म्हणणं काय, तर शेतकरी असतील तर बघू, व्यापारी नकोत, डॉक्टर-वकील आमच्याकडे भरपूर आहेत. ऑस्ट्रेलियाचा प्रतिनिधी म्हणाला की आमच्याकडे वंशाचा प्रश्न नाहीये आणि तो बाहेरून आयात करायची आमची इच्छा नाही. मोठ्या संख्येने घेतो म्हणणारा देश एकच निघाला, डॉमिनिकन रिपब्लिक, आणि त्यालाही शेती करणारेच हवे होते. सगळी सभ्य, सुटाबुटातली माणसं. कोणी कोणाला मारत नव्हतं. फक्त विचारत होते, की हे लोक आमच्या काय कामाचे?

मुंबईला पण तेव्हा थोडे लोक आले. इंग्रज सरकारचा व्हिसा मिळायला नोकरी किंवा कोणाची तरी हमी लागायची, म्हणजे इथेही उपयोग आधी. आपण त्यातलं कोण लक्षात ठेवलंय? वॉल्टर कॉफमन. १९३४ ला आला, पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत बघायचा, आणि रेडिओ सुरू होताना वाजायची ती धून त्याची असं मानतात. छान आहे ती, माझ्या आजोबांचं घड्याळ तिच्यावर लागायचं. पण मी स्वतः दहा वेळा कोणाकोणाला सांगितलंय की "बघा, आपण एका निर्वासिताला आसरा दिला आणि त्याने आपल्याला काय दिलं." जसं काही त्याने भाडं चुकवलं. त्याच बोटीतून एखादा साधा हिशेबनीस उतरला असेल, ज्याने कसलीही धून केली नाही, चहाला जास्त साखर घालायचा, बायकोशी भांडायचा, आणि एक दिवस गेला. त्याला आसरा दिला ते वाया गेलं का मग?

आपल्या भाषेत यासाठी एक शब्दच आहे. "असूनही." त्यांच्यातला असूनही किती स्वच्छ. त्या समाजातला असूनही किती शिकलेला. आपण कौतुकाने म्हणतो, समोरचा पण बऱ्याचदा कसनुसं हसून घेतो. क्रिकेटपटू पळवणकर बाळूंचं उदाहरण घ्या, तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले. पुण्यातल्या क्लबात महिन्याला चार रुपयांवर खेळपट्टी करणारा मुलगा, गोऱ्या साहेबांना नेटमध्ये बॉलिंग टाकता टाकता असा तयार झाला की हिंदूंच्या टीमला त्याच्याशिवाय जमेना. मैदानात बॉल हातात द्यायचा, त्याला शिवायचं, विकेट घेतल्यावर नाचायचं. आणि चहाच्या वेळेला त्याचा चहा पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट्स काढून आला. कॅप्टन मात्र त्याला केलं नाही ते नाहीच, भाऊ विठ्ठलला मिळालं ते १९२३ मध्ये. उपयोग होता म्हणून आत घेतला, आणि जेवढा उपयोग तेवढाच आत.

मी ऑश्विट्झ आणि पुण्याचा क्लब एका तराजूत घालत नाहीये, आधीच सांगतो, नाहीतर कोणीतरी येईल भांडायला. ऑश्विट्झमध्ये दहा-अकरा लाख माणसं मारली, त्याला तुलना नाही. मी फक्त वाक्याच्या बांधणीबद्दल बोलतोय. "तो चांगला खेळतो म्हणून त्याला येऊ द्या" या वाक्याच्या पोटात दुसरं एक वाक्य असतं, ते कोणी मोठ्याने म्हणत नाही.

बरं, उपयोग असला तरी तो टिकतो का? अँजेलिका रोझेआनू बघा. हिचा तर मुंबईशी थेट संबंध, आणि आपल्याकडे किती जणांना तिचं नाव माहितीये? बुखारेस्टची ज्यू मुलगी, जन्म १९२१. पंधराव्या वर्षी टेबल टेनिसमध्ये रोमानियाची चॅम्पियन. १९४० ते १९४४, तिथे फॅसिस्टांचं राज्य, ज्यू म्हणून तिला जिमच्या दारातसुद्धा पाय ठेवायला बंदी. एकोणीस ते तेवीस, म्हणजे खेळाडूची अगदी ऐन वर्षं. मग युद्ध संपलं, परत बॅट हातात घेतली, आणि १९५० ते १९५५ अशी सलग सहा वेळा वर्ल्ड सिंगल्स. एकूण सतरा वर्ल्ड टायटल्स. त्यातलं १९५२ चं सिंगल्स तिने आपल्या मुंबईत जिंकलं, हंगेरीच्या सिडोबरोबर मिक्स्ड डबल्सही. त्या मुंबई चॅम्पियनशिपचं नाव काढलं की सगळे जपानच्या सातोहबद्दल बोलतात, तो फोमची जाड बॅट घेऊन आला, बॉलचा आवाजच येईना आणि मोठमोठ्यांची दांडी उडाली. ठीक आहे, तो खेळाच्या इतिहासातला टर्निंग पॉइंट आहेच. पण त्याच हॉलमध्ये एक बाई होती जिला आठ वर्षांपूर्वीपर्यंत कुठल्याच हॉलमध्ये येऊ देत नव्हते.

हिची पण प्रेरणादायी गोष्ट करता येते, बंदीवर मात करून सहा टायटल्स, लावा बायसेप. पण पुढचं कोणी लिहित नाही. १९५० चं दशक संपत आलं तसं रोमानियाच्या टेबल टेनिसमध्ये परत ज्यू खेळाडूंना बाजूला सारायचा प्रकार झाला, फॅसिस्ट जाऊन कम्युनिस्ट आले होते तरी. देशाला सतरा टायटल्स देणारी बाई, सरकारने मोठमोठे किताब दिलेली, तिलाही झळ बसली. १९६० ला ती इस्रायलला निघून गेली, हैफाला राहिली, २००६ ला गेली. म्हणजे सतरा टायटल्सचं वजन किती, तर आपण इथलेच आहोत हे पुढच्या माणसाला पटवायलासुद्धा पुरलं नाही. कारण जी गोष्ट कमवावी लागते ती काढून पण घेता येते. एर्लिखही पोलंडला राहिला नाही, फ्रान्समध्ये कोच म्हणून आयुष्य काढलं, १९९२ ला वारला.

यावर एक मुद्दा हमखास येतो आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. साठ लाख हा आकडा कोणाच्या मनात शिरत नाही, एर्लिखची रॅली शिरते. चेहरा लागतो, गोष्ट लागते, आणि गोष्टीला नायक लागतो. मान्य. मी स्वतः पण त्या रॅलीमुळेच इथपर्यंत आलो, नाहीतर क्लुजची वीटभट्टी मला कुठे माहीत होती. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांच्या टीमला बार्ना-बेलॅक कप देतात, महाराष्ट्राची पोरं तो कप डोक्यावर घेऊन फोटो काढतात, आणि बार्ना-बेलॅक ही बुडापेस्टच्या दोन ज्यू खेळाडूंची नावं आहेत हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. युद्ध पेटायच्या आत दोघंही हंगेरीबाहेर पडले होते म्हणून, नाहीतर कपावर कोणाची नावं असती? तेव्हा गोष्टी सांगूच नका असं मी म्हणत नाहीये. सांगताना "तो चॅम्पियन होता म्हणून वाचला" इथे पूर्णविराम देऊ नका, एवढंच. एक ओळ वाढवा. त्याच रांगेत पुढे-मागे उभे असलेल्यांना काय येत होतं, शिंपी होते, शाळकरी पोरं होती, नुसतेच आळशी लोक होते, त्यांचाही जीव तेवढाच होता, आणि तो कोणी आणि कोणाच्या सहीने घेतला. फॉरवर्ड जरा लांब होईल. होऊ दे.

आता हे सगळं मी ज्या तावातावाने लिहितोय त्याचं कारण सांगतो. आमच्या गेटबाहेर इस्त्रीवाले आहेत. त्यांचा मुलगा बारा वर्षांचा, कपडे पोचवायला यायचा आणि क्लबहाऊसच्या काचेला नाक लावून बघत बसायचा. एकदा आम्ही त्याला आत घेतला, दोन महिन्यांत त्याने मला हरवायला सुरुवात केली. मग तक्रारी. बाहेरच्यांना क्लबहाऊस नाही, नियम आहे. कमिटीच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि अगदी पोटतिडकीने बोललो, की पोरगा टॅलेंटेड आहे, उद्या डिस्ट्रिक्ट खेळेल, सोसायटीचं नाव होईल, त्याला स्पेशल परवानगी द्या. ठराव पास झाला. टाळ्या पण झाल्या. मला दोन दिवस फार भारी वाटत होतं.

त्याला एक बहीण आहे, दहाची असेल. ती रोज त्याच्याबरोबर येते आणि दाराबाहेर पायरीवर बसते, कारण परवानगी त्याची आहे. बॉल बाहेर आला की धावत जाऊन आणून देते. मागच्या आठवड्यात कोणी नाही बघून मी तिला आत बोलावलं, बॅट दिली. तेवढ्यात कमिटीतल्या एक काकू आल्या, त्या वाईट नाहीत हां, त्यांनी प्रेमानेच विचारलं, "अरे वा, ही पण भावासारखी खेळते का?"

नाही खेळत. अगदीच सुमार आहे ती. दोन पुश झाले की तिसरा बॉल नेटमध्ये, आणि मग हसत सुटते. येत्या रविवारी मीटिंग आहे, तिचं नाव अजेंड्यावर टाकायला मी सेक्रेटरींना सांगितलंय. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं त्यांनी विचारलंय.